परदेशी मिशनवर गेलेल्या आपल्या माणसांचं रोजचं जगणं

सांडोरची_वहिनी

नमस्कार. माझी धाकटी नणंद धर्मभगिनी आहे. नर्सिंग झालेलं, तलासरीकडच्या एका दवाखान्यात बरीच वर्षं काढली. आता तिच्या संस्थेने तिला टांझानियाला पाठवायचं ठरवलं आहे, म्वान्झाच्या बाजूला, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला. कागदपत्रं झाली की निघायचं. ती स्वतः खूश आहे. सासूबाईंचा जीव मात्र थाऱ्यावर नाही. रोज संध्याकाळी रोझरीची (जपमाळेची) प्रार्थना झाली की "तिकडे तिला बघणारं कोण?" एवढंच विचारतात.

आमच्या वसईत दीक्षाविधी म्हटला की मांडव, बँड, जेवणावळ सगळं हौसेने होतं. पण परदेशी गेलेला माणूस सकाळी उठल्यापासून रात्री आडवा होईपर्यंत काय करतो, कशाने थकतो, कशावर तगतो, हे मला तरी आजवर कुणी सांगितलेलं नाही. सुटीवर आलेल्यांना आपण जेवायला बोलावतो, हत्ती-सिंह पाहिले का विचारतो आणि पानात आणखी दोन तळलेले फुगे वाढतो. विचारायचं राहूनच जातं.

इथे कुणी अशा मिशनवर असेल, जाऊन आलं असेल किंवा घरचं कुणी असेल तर लिहा. चांगलंही लिहा आणि अवघडही. मला खरं ऐकायचं आहे.

वाचनखूण

फार चांगला विषय. वाचतोय.

सुकुमाकाठ

वहिनी, मी वसईचाच, धर्मगुरू. शिन्यांगाच्या बाजूला सुकुमा लोकांमध्ये काम करतो, म्हणजे तुमच्या नणंदेच्या शेजारीच म्हणायचं. सध्या सुटीवर घरी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले काही महिने त्यांना दवाखाना नाही, भाषाशाळा. मुसोमाजवळ माकोकोला सरोवराच्या काठी जुनी भाषाशाळा आहे, अनेक संस्थांचे फादर-सिस्टर तिथेच स्वाहिली शिकतात. चाळिशीच्या आसपासच्या, दवाखाना एकहाती सांभाळलेल्या बाईने बाकावर बसून "हे माझं पुस्तक, ते तुझं पुस्तक" घोकायचं, हे मनाला फार जड जातं. तिकडे गेल्यावर पहिली गोष्ट हीच होते: इतक्या वर्षांत कमावलेली हुशारी कामाची राहत नाही. बाजारात चार वर्षांचं पोर तुमची चूक सुधारतं.

घड्याळाचंही आत्ताच सांगून ठेवा. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे 7 म्हणजे त्यांचा 1 वाजलेला असतो आणि आपली 9 ची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, त्यांच्या बोलण्यात 3 ची असते. औषधाच्या वेळा सांगताना नर्सला हे पक्कं डोक्यात ठेवावं लागतं, नाहीतर सकाळची गोळी दुपारी जाते.

माझा दिवस साधारण असा. पाचला उठणं, प्रार्थना, साडेसहाला मिस्सा. नंतर चहा, त्याच्यासोबत उकडलेलं रताळं. दाराशी तोवर माणसं बसलेली असतात. कुणाला पोराची शाळेची फी भरायची असते, कुणाची जमिनीची कटकट असते, कुणाला नुसतं बोलायचं असतं. घाई करायची नाही. आधी तब्येत, मग घरच्यांची तब्येत, मग गुरं, मग पाऊस, आणि त्यानंतर कामाचं. आपल्याकडचा मुंबईच्या लोकलने घडवलेला माणूस पहिल्या वर्षी तिथे आतल्या आत धुमसतो. दुसऱ्या वर्षी त्याच्या लक्षात येतं की ही विचारपूस हेच निम्मं काम आहे.

दहानंतर मोटारसायकल काढायची. आमच्या धर्मग्रामाखाली, म्हणजे एका मुख्य चर्चच्या हद्दीत, वीसेक उपकेंद्रं आहेत, किगांगो म्हणतात त्यांना. प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एकदा फादर पोचला तर नशीब. बाकीच्या रविवारी धर्मशिक्षकच उपासना चालवतो. हा माणूस स्वतःची मक्याची आणि कापसाची शेती सांभाळून, नावापुरत्या मानधनावर, सायकलवरून गावोगाव फिरतो. आजाऱ्याकडे तोच आधी पोचतो, मयताला तोच उभा राहतो. मिशनच्या गोष्टी सांगताना आपण फादर-सिस्टरांची नावं घेतो. खरा गाडा हे लोक ओढतात, हे मला इथे ठळक लिहायचं होतं.

मार्च ते मे मोठा पाऊस. सुकुमा पट्ट्यात काळी चिकण जमीन फार. ओली झाली की चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसतो, चाक फिरेनासं होतं. उतरायचं, गाडी आडवी करायची आणि काडीने खरवडत बसायचं. पन्नास पावलांवर पुन्हा तेच. एकदा असाच अडकलो असताना जवळच्या शेतातली म्हातारी कुदळ ठेवून आली. तिने माझ्या हातातली काडी काढून घेतली, मक्याच्या कणसाचा आतला दांडा घेतला आणि सराईतपणे चाक साफ करून दिलं. तिची पोरं रोज सायकली अशाच साफ करतात. मी तेव्हापासून खोगीराच्या पिशवीत दोन दांडे ठेवतो.

जेवणाचं म्हणाल तर उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्यासोबत म्चिचा नावाची पालेभाजी, जी आपल्या माठाचीच बहीण, आणि दगा. दगा म्हणजे सरोवरातली बारीक सुकी मासळी. वसईच्या माणसाला दगा मिळाला की तो आफ्रिकेत उपाशी मरत नाही. उन्हाळ्यात रताळ्याच्या चकत्या वाळवून ठेवतात, मिचेंबे म्हणतात त्यांना, त्यावर पावसाळ्याआधीचे कोरडे महिने निघतात.

अवघड काय ते उद्या लिहितो. त्याला थोडी उसंत लागेल.

सांडोरची_वहिनी

फादर, खूप आभार. दगाचं वाचून सासूबाई पहिल्यांदा हसल्या. सुकेळी, म्हणजे आमची वाळवलेली केळी, पाठवली तर टिकतील का, हा त्यांचा प्रश्न.

शुश्रूषा

वहिनी, मी पूर्व आफ्रिकेतल्या एका मिशन दवाखान्यात काम करून आले आहे, धर्मभगिनी नाही पण त्यांच्यासोबत राहून. नर्सच्या बाजूने थोडं.

तिथल्या नर्सिंग आणि मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी हातात पडेपर्यंत पेशंटला हात लावता येत नाही. तोवर रजिस्टर लिहा, औषधं मोजा, लहान मुलांची वजनं करा. समोर बाळ तापाने फणफणतंय आणि तुम्ही बाजूला उभ्या, हे सोसायला शिकावं लागतं. नणंदबाईंची सगळी मूळ प्रमाणपत्रं, अनुभवाचे दाखले, त्यांच्या साक्षांकित प्रती आत्ताच दोन-तीन संच करून ठेवा. पिवळ्या तापाची लस मुंबईत विमानतळाच्या आरोग्य विभागाकडे मिळते. प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची, कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. परत भारतात उतरतानाही तेच कार्ड बघतात.

पावसानंतरचे आठवडे मलेरियाचे. मोठ्यांचा मलेरिया गोळ्यांवर निभतो. लहान मुलं मात्र फार उशिरा येतात, कारण आई दहा-बारा किलोमीटर चालत येते किंवा बापाच्या हातात मोटारसायकलचे पैसे जमायला दोन दिवस जातात. मूल आणतात तेव्हा ते पांढरंफटक पडलेलं, हिमोग्लोबिन चारच्या खाली. आर्टेसुनेटचं इंजेक्शन लगेच, मग 12 तासांनी, मग 24 तासांनी, आणि रक्त मिळालं तर रक्त. मी ज्यांच्यासोबत होते त्या सिस्टरनी माझ्या डोळ्यांदेखत स्वतःचं रक्त दिलं, अर्धा तास पडल्या, साखरेचा चहा घेतला आणि पुन्हा वॉर्डात आल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने डोळे उघडून केळं मागितलं. असं मूल केळं मागतं तेव्हा जे वाटतं, त्यासाठी मी आजही परत जाईन.

सगळी मुलं केळं मागत नाहीत. तेही लिहायला हवं. एका पावसाळ्यात आम्ही इतकी लहान शवं कांग्यात, म्हणजे तिथल्या बायकांच्या अंगावरच्या कापडात, गुंडाळून आयांच्या हाती दिली की मी रात्री जेवायच्या टेबलावर बसू शकत नसे. सिस्टर बसायच्या. प्रार्थनेत त्या मुलांची नावं एकेक करून घ्यायच्या, मग जेवायच्या, कारण सकाळी पुन्हा उभं राहायचं असे. त्यांच्या श्रद्धेचा मला तिथे खरा अर्थ कळला. दुःख कमी करायला नव्हे, दुसऱ्या दिवशी उठायला ती लागत होती.

पंचगंगा

मी हिंदू आहे, धार्मिक फारसा नाही. वरचं सगळं वाचून आदर वाटतो, पण मनातलं विचारतो. एवढी माणसं हजारो मैलांवर जातात ती शेवटी धर्म वाढवायलाच ना? आजारी मुलाला वाचवणं आणि त्याच्या आईबापाला आपल्या धर्मात आणणं या दोन गोष्टी तिथे वेगळ्या ठेवल्या जातात का? कुणाला दुखवायचं नाही, पण हा प्रश्न न विचारता या धाग्यावर नुसतं कौतुक करणं मला बरं वाटत नाही.

सुकुमाकाठ

पंचगंगा, विचारलंत ते बरं केलंत. सरळ उत्तर देतो.

हो, मी सुवार्ता सांगायलाच गेलो आहे. ते लपवून "फक्त समाजसेवा" म्हणणं खोटं ठरेल. पण आमच्या पट्ट्यात एकाच अंगणात ख्रिस्ती भाऊ, मुसलमान मेहुणा आणि पूर्वजांना भाकणारी आजी राहते. दवाखान्याच्या रांगेत कुणाचा धर्म कुणी विचारत नाही आणि विचारला तर तिथले लोकच विचारणाऱ्याला वाटेला लावतील. मोठ्या माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर आधी कित्येक महिन्यांची, बहुतेक वर्षांची शिकवणी असते. कार्डिनल लाविजरी यांनी 1868 मध्ये अल्जिअर्सला जी मिशनरी संस्था काढली, जिला पांढऱ्या झग्यावरून व्हाइट फादर्स म्हणतात, तिने आफ्रिकेत चार वर्षांचा नियम घातला होता. तांदळाच्या पोत्यावर धर्म बदलून घ्यायचा असता तर कुणी चार वर्षं थांबवलं नसतं. याच लाविजरींचे आणखी काही नियम मला मोलाचे वाटतात: लोकांची भाषा बोलायची, त्यांचं अन्न खायचं, आणि कुठल्याही ठिकाणी तिघांपेक्षा कमी राहायचं नाही. एकटा माणूस बिघडतो किंवा खचतो, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आणि हेही मान्य करतो की मिशनच्या इतिहासात सत्तेच्या पंखाखाली झालेली, लाज वाटावी अशी कामं आहेत. गोव्याच्या माणसाला ते मी सांगायला नको.

दिवाडकार

फादर, गोव्याच्या माणसाला ते ठाऊक आहेच. म्हणूनच मला इथे सत्तेची पाठ नसलेल्या मिशनरीचं उदाहरण द्यायचं आहे, आणि तो आमचाच.

संत जुझे वाझ, जन्म 1651, बाणावलीचा. तेव्हा सिलोनच्या किनाऱ्यावर डच आले होते आणि त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. तिथल्या कॅथलिकांना कित्येक वर्षं फादर दिसला नव्हता. 1687 मध्ये हा माणूस मजुराच्या वेशात, अनवाणी, सोबत जुवांव नावाचा एक सेवक घेऊन जाफन्याला पोचला. पोचला तो हगवणीने अर्धमेला. चरित्रात सांगतात की लोकांनी रोगाच्या भीतीने दोघांना रस्त्याकडेला टाकलं आणि एका बाईने पेज पाजून जगवलं. मग गळ्यात रोझरी घालून भीक मागत दारोदार फिरला, कोण त्या माळेकडे ओळखीच्या नजरेने बघतं ते हेरायला. 1692 मध्ये कँडीला पोचला तर राजाने पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकलं. कैदेतच सिंहली शिकला. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना रानात सोडून पळाले, तेव्हा हा त्यांच्यासाठी झोपड्या उभारून, जखमा धुऊन, प्रेतं पुरत राहिला. बौद्ध राजाने त्याला मोकळीक दिली ती यानंतर. 1711 मध्ये कँडीतच गेला. गोवा पुन्हा पाहिला नाही.

आमच्या दिवाडीचा जाकोम गोन्साल्विस पुढे त्याच्यासोबत गेला आणि त्याने सिंहली व तमिळमध्ये इतकं लिहिलं की सिंहली कॅथलिक साहित्याचा तो पाया मानला जातो. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस कोलंबोला आले आणि जुझे वाझला संत घोषित केलं, तेव्हा माझी आई टीव्हीसमोर पूर्ण वेळ उभी होती.

सांडोरची_वहिनी

दिवाडकार, त्या पेज पाजणाऱ्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही ना? मला तिच्याबद्दल वाचायला आवडलं असतं.

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया तर याच्याही आधीचे. 16 व्या शतकात वसईहून जपानला गेले, आधी येशूसंघीयांसोबत, मग व्यापारी म्हणून, मग मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. जपानी इतकी चांगली येत होती की पुढे फ्रान्सिस्कनांचे दुभाषी म्हणून परत तिथे गेले. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत 26 जणांना क्रुसावर चढवलं, त्यात ते. दरवर्षी आपण सण करतो. पण हा माणूस आपली तरुण वर्षं परक्या भाषेत कशी जगला असेल, हे मला नणंदेमुळे पहिल्यांदाच मनात आलं.

नगरी_मातीतला

आमच्याकडे उलट्या बाजूची आठवण आहे, म्हणून लिहितो. आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. आपल्याकडे परदेशातून आलेल्या माणसांनी काय सोसलं ते आमच्या जुन्या दफनभूमीत दगडांवर लिहिलंय.

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईला पोचले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचा घाट घातला होता. 1826 मध्ये फिरतीवर असताना नाशिकच्या बाजूला कॉलऱ्याने गेले. त्यांचे सोबती न्यूएल त्याआधीच, 1821 मध्ये, मुंबईत कॉलऱ्यानेच गेले होते. आणि सिंथिया फरार. 1827 मध्ये एकटी, अविवाहित बाई अमेरिकेहून मुंबईला आली, मुलींच्या शाळा चालवल्या, पुढे नगरला आली आणि 1862 मध्ये नगरलाच वारली. पस्तीस वर्षं. सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घ्यायला नगरला तिच्याकडेच गेल्या होत्या.

सिंथिया फरारला मुली शाळेत आणायला घरोघर जावं लागे. घरचे दार लावून घेत. आलेली मुलगी लग्न झालं की शाळा सोडे. म्हणजे वर्षानुवर्षं शिकवायचं आणि वर्ग पुन्हा पुन्हा रिकामा होताना बघायचा. या बाईला आपल्या कामातून पुढे काय उभं राहणार हे दिसलं असेल असं मला वाटत नाही. वहिनी, तुमच्या नणंदबाईंनाही बहुतेक दिसणार नाही. तरी पाठवा.

आंबोली_ते_बायर्न

नमस्कार. मी सिंधुदुर्गातला, सध्या जर्मनीत, बव्हेरियातल्या खेड्यांमध्ये धर्मगुरू. आफ्रिकेतल्या फादरांपुढे माझं काय सांगायचं असं वाटून आधी गप्प होतो. पण मिशन आता या दिशेनेही चालतं हे लोकांना ठाऊक असावं म्हणून लिहितो.

इथे मलेरिया नाही, चिखल नाही. घर आहे, गाडी आहे, वेळेवर पगार आहे. इथे चर्चचा कर असतो, प्राप्तिकराच्या 8 टक्के, बव्हेरियात तरी, आणि तो सरकारच कापून घेतं. नको असेल तर नोंदणी करून चर्च सोडायचं. दरवर्षी लोक सोडतात. माझ्याकडे पाच गावांची पाच चर्च आहेत, चारशे माणसं बसतील अशी, आणि रविवारी पुढच्या तीन बाकांवर म्हाताऱ्या बाया. आजोबांच्या मागे कुणी येत नाही. बाप्तिस्म्यांपेक्षा अंत्यविधी कितीतरी जास्त.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे माझे परीक्षेचे महिने. चार-साडेचारला अंधार पडतो. मिस्सा संपली की लोक हात मिळवतात, छान झालं म्हणतात आणि दहा मिनिटांत सगळे घरी. मी एवढ्या मोठ्या पाद्रीघरात एकटा. गावी आमच्या दाराला दिवसभर कडी नसते. इथे कुणी बेल न सांगता वाजवत नाही. फादर सुकुमाकाठांनी लिहिलेला तिघांचा नियम वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. तो इथे लागू असता तर बरं झालं असतं.

मग टिकतो कशावर? आजाऱ्यांच्या भेटींवर. गेल्या हिवाळ्यात एका नव्वदीच्या शेतकऱ्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जात होतो. पहिल्या दिवशी त्याने लेकीला विचारलं, हा काळा माणूस कोण? शेवटच्या आठवड्यात त्याने माझा हात धरून पापनिवेदन केलं, युद्धानंतरच्या भुकेच्या वर्षांतलं, जे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या पुरण्याच्या दिवशी घरच्यांनी मला कुटुंबाच्या रांगेत उभं केलं. आपल्या देशात मी धर्मगुरू झालो, पण धर्मगुरूची गरज किती खोल असते ते मला या ओसाड चर्चांनी शिकवलं.

पापडी_नाका

सगळे टिकलेल्यांचं लिहीत आहेत. मी न टिकलेल्याचं लिहितो.

माझा मोठा भाऊ आफ्रिकेतल्या एका देशात मिशनवर होता. तिसऱ्या वर्षी वारंवार मलेरिया, मग झोप उडाली, मग मिस्सा करताना हात थरथरायला लागले. परत आला. इथे उतरल्यावर वाड्यातल्या लोकांनी विचारलं, "सुटी किती?" मग "परत कधी?" आणि पुढे विचारणंच बंद. त्याच्या निघण्याला पाचशे पानं उठली होती. परत आला तेव्हा आम्ही घरचे चार. त्याच्या वरिष्ठांनीही नीट डॉक्टर बघायला फार वेळ लावला, आधी "प्रार्थना वाढवा" म्हणाले. त्याला शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं ते माझ्या बायकोने. आज तो बरा आहे, इथेच एका धर्मग्रामात आनंदाने काम करतो. पण त्या दीड वर्षाचा राग माझ्या मनात आहे.

वहिनी, नणंदेला एवढंच सांगा की जमलं नाही तर परत ये, आमच्या घराची मान खाली जाणार नाही. निघायच्या आधी सांगा. तिकडून फोनवर ते विचारायची तिची हिंमत होणार नाही.

शुश्रूषा

पापडी_नाका, तुमच्या वहिनी... चुकलं, तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा. त्यांनी केलं ते अगदी योग्य केलं.

सुकुमाकाठ

पापडी_नाका, तुमचा भाऊ कोण ते मला माहीत नाही, पण त्यांच्यासारखे माझ्या ओळखीचे आहेत. आम्हीही त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलतो, आणि हे बदलायला हवं.

अवघड काय ते लिहायचं राहिलं होतं. टांझानियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. एका पहाटे फोन वाजला, घरी सकाळ झाली होती. आई गेली. आमच्या खेड्यातून म्वान्झा, तिथून दार-एस-सलाम किंवा नैरोबी, मग मुंबई. पावसाने पूल वाहून गेला होता. दफन माझ्याविना झालं. भावाने फोनवर चित्र दाखवायचा प्रयत्न केला, रेंज दोन मिनिटांत गेली.

त्या दिवशी मी कुणाला काही सांगितलं नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला चेहऱ्यावरून कळलं. दुपारपर्यंत बाया डोक्यावर सरपण घेऊन अंगणात आल्या. मग पाण्याचे कॅन, मक्याचं पीठ, दोन कोंबड्या. पुरुषांनी झाडाखाली चटया अंथरल्या आणि बसले. तिथे कुणाकडे मयत झालं की असंच बसतात, दिवसचे दिवस, मध्येच गाणी म्हणतात, रात्री तिथेच झोपतात. मी शेकडो मयतांना असा बसलो होतो. माझ्या दारात कुणी बसेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं, कारण माझी आई त्यांच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. त्यांनी शेकोटी केली. एका म्हाताऱ्याने आईचं नाव विचारलं, आणि मग गाण्यात ते नाव घालून म्हणायला लागले. तिसऱ्या दिवशी वहीत लिहून रांबिरांबी दिली, म्हणजे दुखवट्याची वर्गणी, कुणाचे पाचशे शिलिंग, कुणाचे हजार. ज्या घरांना मी पावसाळ्यात मक्यासाठी मदत दिली होती त्यांचीही नावं त्या वहीत होती. मी नको म्हणालो. धर्मशिक्षक मला बाजूला घेऊन रागाने म्हणाला, "फादर, घ्यायलाही शिका. नुसतं देणारा माणूस पाहुणाच राहतो."

वहिनी, तुमच्या सासूबाई विचारतात ना, तिकडे बघणारं कोण? हे लोक.

आणि सुकेळी टिकतात. हवाबंद डब्यात द्या, दोन महिने तरी काही होत नाही. मसाला मात्र थोडाच द्या. पहिलं वर्ष त्यांना तिथलं जेवण जेवू द्या.

पंचगंगा

सुकुमाकाठ, धर्माबाबतचं माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण मी हे तुमचं शेवटचं लिखाण माझ्या आईला वाचून दाखवलं. दुबईत असलेल्या माझ्या भावाला वडिलांच्या वेळी पोचता आलं नव्हतं. तिने ते दोनदा वाचायला लावलं.

सांडोरची_वहिनी

मीही सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण काल नणंदेला फोन करून "जमलं नाही तर ये, लाज धरू नको" हे त्यांनी स्वतः सांगितलं. पापडी_नाका, तुमच्यामुळे.

एक सुचतंय. ऑक्टोबरमध्ये जागतिक मिशन रविवार येतो. आपण दरवर्षी पाकिटात पैसे घालतो आणि संपलं. आमच्याच धर्मग्रामात परदेशी मिशनवरून आलेल्या दोन सिस्टर आणि एक ब्रदर आहेत, वयस्कर. त्यांना त्या दिवशी मिस्सेनंतर हॉलमध्ये बसवून अर्धा-पाऊण तास बोलायला लावलं तर? परत आलेल्यांनाही, आजारी पडून आलेल्यांनाही.

पापडी_नाका

तुमच्या फादरांनी होकार दिला तर मी भावाला विचारतो. तो येईल असं वाटतं. फक्त स्टेज आणि हार-तुरे नकोत, गोल करून खुर्च्या टाका.

सुकुमाकाठ

माझी सुटी तोवर संपलेली असेल, नाहीतर आलो असतो. मुलांना पुढे बसवा, त्यांना हवं ते विचारू द्या. मोठ्यांना काय विचारावं सुचत नसेल तर प्रश्न इथेच आधी लिहून ठेवा.

सांडोरची_वहिनी

फादरांशी बोलले, ते तयार आहेत. प्रश्न लिहायला मीच सुरुवात करते: तुम्ही तिकडे आजारी पडलात तेव्हा उशाशी कोण बसलं होतं, आणि त्यांच्याशी आजही बोलणं होतं का?